मांयची करटी

नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ नये म्हणतात, घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. आता कमी व्हायला काही उरलेलं नाही, म्हणून घेते. झिलू.

झिलूच्या लघवीला मुंग्या लागतात हे मी पाहिलं तेव्हा रोपणी उरकून आठ दिवस झाले होते. आमच्या गोठ्यामागे एक चपटा काळा दगड आहे. सकाळी उठला की तो तिथं जायचा. मी शेण काढायला गेले तर दगडावर मुंग्यांचा असा थर बसलेला, की दगडच हलतोय असं वाटावं. कुणी गूळ सांडला की काय, म्हणून मी वाकून बघितलं. मग माझं मलाच हसू आलं. आमच्या दिग्गी गावात गूळ सांडण्याइतका कुणाच्या घरात असतो? दगड धुऊन काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्याआधी महिनाभर त्याची तहान वाढली होती. शेतातून आला की तांब्या मागायचा नाही, घागरच तोंडाला लावायचा. आमचा ओढा खाली उतारावर आहे. दिवसाला दोन खेपा करायची ती मी सहा करायला लागले, आणि सहावी घागर टेकवेपर्यंत पहिली रिकामी. खायचा दोघांचं आणि वाळत चालला होता. मनगटातलं चांदीचं कडं हात वर केला की घसरून कोपरापाशी जायचं. पायाला कुदळीचा ओरखडा गेलेला, तो दीड महिना झाला तरी ओलाच.

ही तहान कुणाची आहे ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडावर कुणी बोलत नव्हतं, एवढंच.

झिलूच्या आईचं नाव काशी. मी तिला मांय म्हणायचे. तिनं मला कधी नावानं हाक मारली नाही, 'ए पोरी' म्हणायची, आणि तेही काम असलं तर. मी या घरात आले त्याच्या दुसऱ्या वर्षी पटकी आली. दोन दिवसांत गावातली सात माणसं गेली. मांय सकाळी पडली आणि दुपारपर्यंत तिचे डोळे आत गेले. पटकीच्या माणसाला पाणी पाजायचं नाही, पाजलं की पटकी वाढते, असं तेव्हा सगळेच धरून चालत. मांयनं पाणी मागितलंच नाही. तिनं निवळ मागितली. पेज शिजली की शितं खाली बसतात आणि वर पांढरट पाणी राहतं ना, ती. झिलूनं करवंटीची करटी भरून तिच्या ओठाला नेली. तेवढ्यात दारातून बुधवंत म्हणाला, अरे, मारतोस काय आईला? बुधवंत म्हणजे आमच्या गावचा म्होरक्या, त्याचं नाव नागू. झिलूनं करटी परत चुलीपाशी नेऊन ठेवली. मांय दिवेलागणीपर्यंत मागत राहिली, आणि दिवा लावला तेव्हा गप्प झाली.

हे मी पाहिलेलं नाही, नंतर ऐकलेलं. त्या दिवशी दुपारपासून मी ओढ्यावर होते, घरातले सगळे कपडे, गोधड्या धुवायला. झिलूलाही ताप भरला होता, त्याचंही अंथरूण माझ्या डोक्यावर होतं. अंधारायला आलं तेव्हा घरी पोचले. चुलीपाशी करटी काठोकाठ भरलेली होती आणि निवळीवर साय धरली होती. तेवढं मात्र मी पाहिलं.

तर नागू बुधवंतानं सांगितलं, की काशीची तहान पोराच्या अंगात आलीय, आणि ती पोराच्या हातूनच भागायला पाहिजे. रोज दिवेलागणीला झिलूनं स्वतःच्या हातानं निवळीची करटी उंबऱ्याबाहेर ठेवायची. सकाळी तिनं प्यायल्यावर जे उरेल ते त्यानं प्यायचं, म्हणजे माय-लेकराचं एका भांड्यात झालं. येत्या म्हाळापर्यंत, म्हणजे पितरांच्या पंधरवड्यापर्यंत, हे सांभाळायचं. एक दिवस जरी चुकला, तर ती त्याला घेऊनच जाईल. हे तो दुष्टपणानं म्हणाला नाही. म्हातारा झाला होता. दारातून म्हटलेलं ते वाक्य त्यालाही झोपू देत नसावं.

झिलू करटी ठेवू लागला. सकाळी बघावं तर एक बोट कमी. मांजर असेल म्हणाल, खार असेल म्हणाल. मांजर करटी पालथी करतं. ही जिथल्या तिथं असायची, काठाला एका बाजूनं ओली.

पंधरा दिवसांत झिलूला उभं राहिलं की अंधारी यायला लागली. मुंग्यांचा थर तसाच. तेव्हा माझा भाऊ वासू आला. तो कॅसलरॉकला रुळांखालच्या लाकडांच्या कामावर होता. तो म्हणाला, मांयची तहान भागवायची तर भागवा, पण रेल्वेच्या डॉक्टराला दाखवायला मांय आडवी येणार नाही. दोन दिवसांची वाट आम्ही चार दिवसांत चाललो, दर ओढ्याला थांबत.

डॉक्टर म्हातारा होता, आमच्यासारखंच कोकणी बोलणारा. त्यानं झिलूला काचेच्या नळीत लघवी करायला लावली, तेव्हा झिलू लाजेनं भिंतीकडे वळला. डॉक्टरानं निळ्या औषधात चार थेंब टाकून नळी दिव्यावर धरली. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं, आणि मग आमच्या अंगणातल्या मातीसारखं लाल. मी त्याला मुंग्यांचं सांगितलं. ही सगळी नळीची खटपट न करता तुम्हाला आधीच कळलं होतं तर, असं तो म्हणाला.

त्याचं म्हणणं असं, की झिलूचं अंग गोड पदार्थ धरून ठेवू शकत नाही, गळक्या मडक्यासारखं सोडून देतं. गूळ आम्ही खात नाही, असं मी सांगितलं. तेव्हा त्यानं सांगितलं, की गोड भातातच आहे. नाचणीत आहे, कंदांत आहे. मी तिशीला आलेली बाई, जन्मभर भात खाऊन राहिले आणि भात गोड असतो हे मला नळीनं सांगावं लागलं. औषध काय, असं विचारलं तर तो म्हणाला, की ते त्याच्याकडे नाही आणि जगात अजून कुणाकडेच नाही. भात, नाचणी, कंद, केळी, गूळ बंद. मासे, कुर्ल्या, अंडी, मटण, पालेभाजी, अळंबी, बांबूचे कोंब, खोबरं, ताक चालेल. पाणी लागेल तेवढं. बोटांवर मोजत त्यानं माझ्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं. इतक्या लांब पुन्हा यायला नको, मुंग्या यायच्या थांबल्या की समजा उतार पडला, असंही म्हणाला.

बाहेर आल्यावर वासू म्हणाला, "भावोजी, डॉक्टरानं तुमाला वाघाचं जेवण सांगितलंय. आता डरकाळी तेवढी शिका."

झिलू हसला. महिन्याभरात पहिल्यांदा.

आमच्याकडे माणूस भेटला की पेज घेतली काय, असं विचारतात. बरा आहेस काय, असं विचारत नाहीत. पेज घेतली म्हणजे बराच असणार. आता झिलू वाटेवर लोकांना टाळायला लागला, कारण काय उत्तर द्यायचं? बायकांनी मला ओढ्यावर ऐकवलं, की घरात भात असून नवऱ्याला पाला चारते. मी म्हटलं, वाघाला चारते, घरी या, दाखवते. पण मनातून मलाही ते पटत नव्हतंच. पानावर मासा वाढला, भाजी वाढली, कोंबांची आमटी वाढली, तरी पान रिकामंच दिसायचं. झिलू जेवून उठायच्या आधी त्याची बोटं पानाच्या मधोमध, जिथं काही नाही तिथं, भात कालवल्यासारखी फिरत राहायची. मी बघायचे आणि चुलीकडे तोंड करायचे.

झाडावर पानं शिवून घर करतात ते तांबडे हुमले, म्हणजे मोठ्या मुंग्या, माहीत असतील. चावरी जात, पण मीठ-मिरची लावून वाटले की चटणी अशी आंबट होते, की तोंडाला पाणी सुटावं. ती मी करायचे. मुंग्यांनी एवढे दिवस तुम्हाला खाल्लं, आता तुम्ही त्यांना खा, असं मी त्याला म्हणायचे.

महिना गेला. अंधारी थांबली. घागरी सहाच्या चार झाल्या. दगडावरचा थर गेला आणि त्याची रांग झाली. पण रांग काही मोडेना. रोज सकाळी मी आधी दगडाकडे जायचे, चुलीकडे नंतर, आणि रांग रोज तिथं असायचीच, देवळात आल्यासारखी शिस्तीत. मी झिलूवर संशय घेतला. कुणाकडे भात खातोस, सांग, म्हणून छळलं. त्यानं मांयची शपथ घेतली. ती शपथ तो खोटी घेणार नव्हता. आणि पायाचा ओरखडा अजून ओलाच होता.

मग एका सकाळी घाईत मी आदल्या दिवशीची एक करटी अंगणात उन्हात विसरले. दुपारी उचलायला गेले तर तिच्या तळाशी कांद्याच्या पापुद्र्यासारखा पांढरा पातळ पापुद्रा वाळून बसलेला. नखानं काढला तर अख्खा सुटून आला. आणि त्याच्या कडेनं, दगडावर असायची तशीच, रांग.

मी खालीच बसले. पाणी वाळलं तर मागं काही उरत नाही. इथं उरलं होतं.

कसं सांगू आता. त्याला तहान लागली की पाण्याऐवजी निवळ मीच देत होते. डॉक्टरानं लागेल तेवढं पाणी सांगितलं होतं, आणि नुसतं पाणी देऊन नवऱ्याला उपाशी ठेवल्यासारखं वाटायचं म्हणून मी माझ्या पेजेची निवळ त्याच्यासाठी काढून ठेवायचे. फडक्यातून दोनदा गाळायचे. एक शीत जाऊ देत नव्हते, त्याचा मला केवढा अभिमान. दिवसाला तीन करट्या, आणि सकाळची मांयची चौथी. भात घराबाहेर काढला म्हणून मी गावभर सांगत होते आणि भाताचं भूत माझ्याच हातानं त्याला पाजत होते. त्याला अंग नसतं, शीत नसतं, खायचं तेवढं मात्र खातं.

दिवसाच्या तीन करट्या त्याच दिवशी बंद झाल्या. झिलूनं कुरकुर केली नाही. पण सकाळची करटी सोडायला तो तयार होईना. म्हाळाला अजून महिना होता. मी नागू बुधवंताकडे जाऊन आले. त्यानं डॉक्टराचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाला, की डॉक्टरानं काशीला पाहिलेलं नाही.

झिलू गोठ्याच्या पायरीवर बसला होता. मी त्याला पापुद्रा दाखवला, मुंग्या दाखवल्या. त्यानं पापुद्रा तळहातावर घेतला, उन्हात धरून बघितला.

"एकदा न्हाई म्हटलं तिला," तो म्हणाला. "आता दुसऱ्यांदा न्हाई म्हणू?"

माझ्याकडे डॉक्टराची बोटं होती आणि त्याच्याकडे आई होती. एका करटीनं माणूस मरत नाही, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं असतं. पण मी रोज दगड बघत होते. रांग होती. पायाच्या ओल्या ओरखड्याला आता वासही यायला लागला होता.

तेव्हा मी खोटं बोलले. आधी ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि ते आतून तयारच आलं.

"त्या दिशी करटी तुमी ठेवली न्हाई," मी म्हटलं. "तुमी मांयच्या ओठाला लावलेली. मी तुमच्या हातनं काढून घेतली."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी ठेवलेली मला आठवतीय, म्हणाला.

"तुमच्या अंगात ताप व्हता. तापात काय काय दिसतंय माणसाला. नागूबाबा दारातनं बोलला आणि मी भ्याले. मी नेऊन ठेवली चुलीपाशी. इतकी वरसं सांगायचं धाडस झालं न्हाई. मांयची तान माझ्यावर हाय, तुमच्यावर न्हाई. उद्यापासनं मांयची करटी मी ठेवीन आणि मी पीन."

झिलूनं पापुद्रा चुरगाळला, हात झटकला.

"तुला भ्या न्हाई वाटणार?" एवढंच त्यानं विचारलं.

"सासूला भ्यायलाच सून आणतात," मी म्हटलं. "जिती काय आणि मेलेली काय."

दुसऱ्या सकाळी उंबऱ्याबाहेर उभी राहून मी पहिली करटी प्याले. थंड होती, थोडी आंबूस. नवव्या दिवशी दगड नुसता दगड होता. मी त्यावर हात फिरवून पाहिला. दसऱ्यापर्यंत पाय भरून आला आणि कडं मनगटात थांबायला लागलं.

माझ्या मनात होतं की खोटं माझ्यात आणि झिलूमध्ये राहील. पण मेलेली माणसं ऐकत असतात. खरं-खोटं तपासत बसत नाहीत, आपण म्हणू ते धरून चालतात.

म्हाळाच्या आधीच सुरुवात झाली. दिवेलागणीला मी चुलीशी वाकलेली असायचे आणि पाठीमागून, अगदी हलकं, कुणी तरी विचारायचं, निवळ हाय काय गो? आवाज ओळखीचा, पण जीभ सुकल्यासारखा. वळून बघावं तर कुणी नाही. मी दारातली करटी बघून यायचे, ती भरलेली असायची, आणि तरी विचारणं व्हायचंच. एकदा मी धिटाईनं म्हटलं, हाय मांय, भाईर ठेवलीय. तर उत्तर आलं, "व्हय गो फुला." जिवंतपणी तिनं मला कधी नावानं हाक मारली नाही. मेल्यावर मारली, आणि ती ज्या पापासाठी मारली ते मी केलंच नव्हतं.

म्हाळ झाला. नागू बुधवंतानं स्वतः पान वाढलं आणि आता पुरे म्हणून सांगितलं. मी हो म्हटलं आणि त्याच संध्याकाळी करटी भरली. ती विचारत होती, तर नाही कसं म्हणायचं? झिलूनं पाहिलं.

तो त्यानंतर आठ वर्षं जगला, भाताच्या एका शिताशिवाय. नवं आलं की सगळ्यांबरोबर नव्या भाताचं एक शीत कपाळाला लावायचा आणि पुसून टाकायचा. लोक त्याला वाघ म्हणायला लागले होते. पेज घेतली काय, असं कुणी विचारलं की म्हणायचा, शिकार केली. आठ वर्षांत त्याच्या बोटांचं पानावर भात कालवणं तेवढं सुटलं नाही.

मोठी लढाई संपायच्या सुमाराला जो ताप आला, तो दिग्गीतही आला. या वेळी सात नव्हे, एकोणीस गेले, त्यात नागू बुधवंतही. झिलू तिसऱ्या दिवशी उठेना. छातीत घरघर लागली. दुपारी त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "निवळ दी."

चुलीवर पेज होती. मी हात आवरून उभी राहिले. आठ वर्षं राखलेलं. मग वाटलं, आता कुणासाठी राखायचं? करटी भरली, फुंकर घातली आणि त्याच्या ओठाला नेली. दारात या खेपेला कुणी नव्हतं.

त्यानं ओठ मिटूनच ठेवले. माझ्या मनगटाला हात लावून करटी थांबवली.

"त्या दिशी तू ओढ्यावर व्हतीस," तो म्हणाला.

करटी मागं घेताना निवळ त्याच्या गळ्यावर सांडली, ती मी पदरानं पुसली.

"माझ्या अंथरुणाची गोधडी तुझ्या डोक्यावर व्हती. ती ओली करून आणलीस सांजला. मला आठवतंय." त्याला श्वास पुरत नव्हता. "मला ठावं व्हतं. गोठ्यात बोललीस तवाच. पर मला जगायचं व्हतं, फुला."

मग त्यानं करटी स्वतःच्या हातानं धरली आणि घोट घोट करून पिऊ लागला. डोळे मिटून, इतक्या चवीनं, की मला बघवेना आणि वळवेना. अर्धी प्यायला. उरलेली मला दाखवली.

"ही आयेला. तिला सांग, करटी मी ठेवली व्हती."

दिवेलागणीला तो गेला.

उरलेली करटी मी उंबऱ्याबाहेर नेली. पाठीमागं घरात बायका रडायला लागल्या होत्या. आवाज आलाच, रोजच्यासारखा. निवळ हाय काय गो फुला? मी सांगणार होते. त्याचा शेवटचा निरोप होता, तो पोचवणं माझं काम. पण तो आता तिच्याकडेच निघाला होता. आईच्या दारात पोचल्या पोचल्या तिनं तोंड फिरवलं, तर बिचारा जाणार कुठं? माझ्याशी ती बोलते, नावानं हाक मारते. एवढं सांभाळून घेतलंय तिनं मला.

"हाय मांय," मी म्हटलं. बाकीचं ठेवून दिलं.

आता मी एकटीच राहते. सकाळी उठून आधी दगडाकडे जाते, सवय. तिथं काही नसतं. मग करटी बघते. पूर्वी एक बोट कमी व्हायची, उरलेली मी प्यायचे. आता काठाच्या दोन्ही बाजू ओल्या असतात आणि करटी तळापर्यंत रिकामी. दोघं मिळून पितात. माझ्यासाठी काही उरत नाही. सुनेचं जेवण शेवटीच असतं म्हणा. मी करटी धुते, पालथी घालते, आणि संध्याकाळसाठी पेज ठेवते.